दुसरी साधना

जंबेरीच्या रोपांवरचं दव उतरायला ऊन चांगलं चढावं लागे. तोवर बायका बोटं काखेत घालून बांधावर उकिडव्या बसत. ओल्या सालीत कलमाचा डोळा धरत नाही, कुजतो. ऊन अंगाला लागलं की चाकू निघत. जंबेरीच्या खोडाची साल चिरायची, हलकेच उकलायची, संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा आत सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. खाली मूळ जंबेरीचं, वर झाड संत्र्याचं. मोर्शीच्या त्या भागात निम्म्या बायकांचा हिवाळा असाच वाकून जातो.

प्रणालीची श्रावणी बाभळीला बांधलेल्या झोळीत होती. झोळीची दोरी प्रणालीच्या पायाच्या अंगठ्याला. डोळा बांधता बांधता ती पाय हलवी, झोळी हले. दूध भरून आलं की ब्लाउज ओला होई आणि त्या ओलीवर वारा बोचे. तरी तिचा हात थांबत नसे. तिनं बांधलेला डोळा सहसा वाया जात नाही, हे नर्सरीचे मालक खुशालरावही कबूल करत. ते आता थकले होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःहून म्हटलं होतं, "बाई, उघड्यावरची रोपं आता कोनी घेत नाई. तू शेडनेट उभं कर. पुढच्या हिवाळ्यापर्यंत केलं तं वाफे तुले देतो, नाई तं वरूडचा एक जन मांगे लागला हाय."

"साधने! अवं साधने!" बेबीताई बांधावरून हाका मारत आल्या. गावातला बचत गट त्याच चालवत. "तुही जाळीच्या कर्जाची फाइल वापस आली. बँकेत बोलावलं."

प्रणालीनं पट्टीला गाठ मारली आणि मगच वर पाहिलं. साधना या नावाला ओ द्यायला तिला अजून क्षणभर लागे.

लग्नात ताटातल्या तांदळावर नितेशनं अंगठीनं ते नाव लिहिलं होतं. साधना. नितेशच्या पहिल्या बायकोचंही तेच. सासूनं, मैनाबाईनं, तसं आधीच ठरवलेलं. "नाव थेच ठिवलं का तिले वाटते, घर आपलंच हाय. मंग त्रास देत नाई." त्याच दिवशी प्रणालीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक पडला. पत्र्यावर ठोकलेली बोटाएवढी बाई, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. गेलेल्या सवतीचा टाक. रोज पहिला घास त्या टाकाला लावायचा आणि मग आपण जेवायचं. प्रणाली तसंच करत आली होती. आधारकार्डावरही साधनाच झालं. माहेरी भातकुलीला आईसुद्धा जावयासमोर तिला साधना म्हणू लागली होती.

बँकेतले साहेब तरुण होते, नागपूरकडचे. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

"मॅडम, तुमच्या नावावर एक कर्ज थकलेलं दिसतंय. शिलाई मशिनसाठी घेतलेलं, एका कंपनीकडून. पाच वर्षं झाली. यामुळे तुमचा स्कोर पार खाली गेलाय. असं असलं की वरून फाइल परतच येते."

"मी तं कोनतंच कर्ज घेतलं नाई साहेब. हे पह्यलंच."

"नाव साधना नितेश टेकाडे. पती तेच, पत्ता तोच. जन्मसाल एक वर्ष इकडे तिकडे. तुम्हीच ना?"

तिनं वाकून तारीख पाहिली. "तवा माहं लग्न नोतं झालं. हे... माह्या आधीची."

साहेबांना समजायला वेळ लागला. "म्हणजे त्या घरात दोन साधना नितेश टेकाडे आहेत?"

"हो."

"मग सोपं आहे. त्या दुसरीला घेऊन या. खाती वेगळी करता येतील."

बेबीताईनं जीभ चावली. प्रणाली म्हणाली, "थे मेली साहेब. दुसरी मीच हाव."

"अरे बापरे. मग मृत्यूचा दाखला आणा. अशा कर्जाला विमा असतो. दाखला दिला असता तर तेव्हाच मिटलं असतं."

"अन् आमी भरून टाकलं तं?" बेबीताईनं विचारलं.

"भरलं तर यांचंच होतं म्हणून भरलं, असं दिसेल. मागचे थकलेले महिने यांच्याच नावावर राहतील. ते मढं उचलून घरात घेतल्यासारखं होईल, ताई." बोलून गेल्यावर साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी श्रावणीच्या हातात पेनाचं टोपण दिलं.

घरी नितेश जेवत होता. दाखल्याचं नाव काढताच तो भाकरीचा तुकडा भाजीत नुसताच फिरवत राहिला.

"दाखला नाई."

"कावून नाई?"

"माहेरी गेल्ती. तुरीच्या वावरात साप चावला. दवाखान्यापर्यंत बी नाई पोचली. ग्रामसेवक लिवाले आल्ता तं तिच्या मायनं त्याले विळा दाखोला. माही पोरगी मेली असं लिवाचं नाई म्हने. आमाले बी मंग काम पडलं नाई."

"आता पडलं ना."

"तिथं मी नाई येत." तो उठला, हात धुतला. पहिल्या बायकोबद्दल तो एवढं प्रथमच बोलला होता.

मैनाबाई चुलीपाशी राख सारखी करत होती. तिनं मान वर केली नाही. "लिवू नको बाई कुठं. घरात निजून हाय थे. तिले उठवू नको." मग सवयीनं म्हणाली, "जेवून घे. आधी तिले लाव."

प्रणालीनं घास टाकाला लावला. चांदी अंगाच्या उबेनं कोमट असायची. त्या दिवशी ती गार होती. दारातून वारा येत होता, म्हणून असेल.

साहेबांच्या सांगण्यावरून कंपनीकडे तक्रार गेली. संक्रांतीच्या आसपास उत्तर आलं आणि त्यांनी तिला पुन्हा बोलावून घेतलं. या खेपेला त्यांनी बसा म्हटलं नाही, स्वतःच उभे राहिले.

"मॅडम, कंपनी म्हणते बाई जिवंत आहे. त्यांची माणसं दर महिन्याला फोन करतात आणि तिच्या नंबरावर उत्तर मिळतं. त्यांनी नोंदी पाठवल्यात." ते वाचू लागले. "ग्राहक शेतात, संध्याकाळी येणार. ग्राहकाला ताप. ग्राहक पाणी आणायला गेली. ग्राहकाचं पोट दुखतं." ते थांबले. "मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये, ग्राहक बाळंत झाली. आणि गेल्या महिन्यात, मूल लहान आहे, संत्र्याच्या तोडीनंतर भरणार."

श्रावणी मागच्या वर्षीच्या श्रावणातली.

"ए माय," बेबीताई हळूच म्हणाल्या, "हे तं तुहंच लिवलं हाय."

गेल्या महिन्यात आपण कुणाला तसं म्हटलं होतं का? झोपेत? तापात? पोरगी कडेवर अचानक जड झाली. तिनं तो नंबर हाताच्या पंज्यावर लिहून घेतला.

दिवेलागणीच्या आधी ती गोठ्यामागे गेली. श्रावणीला अंगावर घेतलं आणि पदराआडून नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला.

"हालो."

बाईचा आवाज. वयाचा अंदाज येईना. प्रणालीनं विचारलं, "साधना... साधना हाय का?"

"वावरात गेली. येते आता." आवाज शांत होता, रोजचं सांगितल्यासारखा. "कंपनीतून बोलून राहिली काय? पह्यले तं पोट्टा बोले."

दूध ओढता ओढता श्रावणी रडली.

पलीकडून लगेच आवाज आला. "लेकरू कोनाचं वं थे?"

प्रणालीनं फोन बंद केला. अंधार पडेपर्यंत ती गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. आत येऊन नितेशला तिनं एवढंच विचारलं, "तिचा फोन कुठं हाय?"

"तिच्या मायजोळ असन, परतवाड्याकडं. पार्बताबाईजोळ. कावून?"

"काई नाई. मी परतवाड्याले जातो उद्या."

चांदूर बाजारला गाडी बदलून, पुढं फाट्यापासून जीपमध्ये मांडीवर पोरगी आणि पोरीवर दुसऱ्या कुणाची पिशवी, अशी ती पोचली. घर गावाच्या टोकाला होतं. ओसरीवर एक वाळकी बाई बोंडातला कापूस काढत बसली होती. बोटांना चिरा, चिरांत कापसाचे तंतू. मागच्या फळीवर रुमालात बांधलेला बटणाचा फोन चार्जिंगला लावलेला.

"कोन पायजे?"

"मोर्शीकडून आली. टेकाड्याच्या घरची हाव मी."

पार्बताबाईनं वर पाहिलं. तिची नजर प्रणालीच्या चेहऱ्यावर ठरलीच नाही, खाली गळ्यावर आली. बोटांतलं बोंड सुटलं.

"आली काय वं?" ती म्हणाली.

हे आपल्याला विचारलेलं नाही, हे प्रणालीला लगेच कळलं. ती उभीच राहिली. टाकावरून पदर ओढून घ्यावा असं वाटलं आणि तेही बरं दिसेना.

पार्बताबाईनं पाणी दिलं. मग हात पुढे केले. "लेकरू दे इकडं. श्रावनातलं ना?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन मले? त्या दिवसात माह्या छातीत ठनका लागला. या वयात. उन्हं उतरेपर्यंत बसवेना. मंग थ्या फोनवाल्याचा फोन आला तं म्हनलं, बाळंत झाली." तिनं श्रावणीला पायांवर आडवी घेतली, वाटीतलं तेल घेऊन तिच्या तळव्यांना लावू लागली. अनोळखी माणसाकडे आकांत करणारी पोरगी गप्प राहून तिच्याकडे पाहत होती.

"माय, तुमाले माहीत हाय ना का थे..."

"मेली. तोंडात पानी मीच घातलं. मी काय येडी हाव?" हात तळव्यावर चालूच. "गावात आता तिचं नाव कोनी काढत नाई. सासरी तं तिचं नाव तुले देऊन मोकळे झाले. पन थो पोट्टा महिन्याच्या महिन्याले पुसते. साधना मॅडम आहेत का? मॅडम म्हनते तिले! जिंदगीत कोनी म्हनलं होतं काय तिले मॅडम?" ती थोडं हसली. पुढचे दोन दात नव्हते.

"शिव्या बी देत असन."

"देते ना. देऊ दे. जित्या मानसालेच देते बाई शिव्या."

प्रणालीनं कसंबसं सांगितलं. वाफे, शेडनेट, बँक, दाखला. तहसीलमध्ये जबाब द्यावा लागेल, सख्ख्या माणसाचा, पोरगी गेली असा. सांगता सांगता आपलाच आवाज तिला वसुलीवाल्यासारखा वाटला.

पार्बताबाईनं तेलाचा हात लुगड्याला पुसला. "तिचं घर तुले भेटलं. नवरा भेटला. नाव भेटलं. आता तिचं मरन बी तुलेच पायजे?"

कोंबडी ओसरीवर चढली, तिला कुणी हाकललं नाही.

"मले तिच्यातून भाईर निंघाचं हाय, माय," प्रणाली म्हणाली. "माहं नाव प्रणाली हाय. घरी मले त्या नावानं कोनी बोलवत नाई. माह्या पोरीले माहीत बी नाई होनार."

"प्रनाली." पार्बताबाईनं नाव तोंडात घोळवून पाहिलं, औषधासारखं. श्रावणी टाक मुठीत धरायला हात वर करत होती.

"मंग असं कर," ती म्हणाली. "तिले इथं ठिवून जाय."

"पन घरी आत्याबाई, सासू माही..."

"तुह्या आत्याबाईनं तिले गळ्यात बांधून कामाले लावलं. मेल्यावर बी तिची सुटका नाई. रोज थ्या घरचा घास खाते पोरगी. माह्याजोळ दे. मी जबाब देतो."

टाकाचा दोरा घामातेलानं घट्ट झाला होता. गाठ सुटेना. प्रणालीनं पिशवीतून डोळे बांधायचा चाकू काढला. पातं मानेला लागू नये म्हणून तिनं दोरा पुढे ओढून धरला. दोरा तुटला. तिनं टाक म्हातारीच्या तेलकट पंज्यावर ठेवला. तिच्या स्वतःच्या गळ्याखाली मात्र त्या जागी एक लांबट फिकट खूण उरली, तिथं कधी ऊन लागलेलंच नव्हतं.

अचलपूरच्या तहसीलमध्ये कारकुनानं विचारलं, "मयताचं नाव?"

"साधना," पार्बताबाई म्हणाली.

"अर्जदाराचं?"

"साधना," प्रणाली म्हणाली.

त्यानं पेन टेकवून वर पाहिलं. "एक काय ते नक्की सांगा बाई."

"दोन हायत," पार्बताबाईनं कमरेच्या पिशवीवर हात ठेवला. "एक हे बसली. एक माह्याजोळ."

कारकुनानं दोन्ही नावं लिहून घेतली. त्यानं शाईचा डबा सरकवला. अंगठा उठवल्यावर पार्बताबाई तो पुसायला विसरली. गाडी येईपर्यंत तो निळा अंगठा दुसऱ्या हातानं झाकून बसली होती.

मैनाबाईला मोकळा गळा त्याच दिवशी दिसला. ती ओरडली नाही, रडली नाही. "सोडून आली तिले?" एवढंच विचारलं. पण त्यानंतर जेवताना ती प्रणालीच्या खांद्यावरून मागं पाहून बोले, तिथं कुणी बसल्यासारखं. एकदा प्रणाली मोटर बंद करायला गेली होती. आतून हाक आली, "साधने, दिवा लाव वं." ती धावत आली तर दिवा लागलेला होता. मैनाबाई खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"तुमीच लावला ना, आत्याबाई?"

"मी कवाची इथंच हाव," मैनाबाई म्हणाली.

प्रणालीनं श्रावणीला उचललं आणि त्या दिवशी तिला खाली ठेवलंच नाही.

उन्हाळा सरता सरता तहसीलचा आदेश आला, मग दाखला. दाखला कंपनीकडे गेला, कंपनीनं कर्ज विम्यात मिटवलं आणि दोन्ही साधना वेगळ्या केल्या. बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन पुन्हा फिरवली.

"निघालं, मॅडम."

"आता किती हाय माहा स्कोर?"

"आता काहीच नाही. तुमच्या नावावर कधी काही झालंच नाही, असं दिसतंय. कोरं. आधी फवारणीचा पंप घ्या, लहान हप्त्याचा. एकही हप्ता चुकवू नका. मग बघू जाळीचं."

कोरं. मोर्शीच्या रस्त्यावरून चालताना तो शब्द तिच्याबरोबर चालत राहिला. एवढी वर्षं निदान कुणीतरी होती. आता तिथं कुणीच नव्हतं. घरी येऊन तिनं आरशात पाहून "प्रणाली" असं हळूच म्हटलं आणि मागं वळून पाहिलं.

त्याच आठवड्यात पार्बताबाईचा फोन आला. त्याच नंबरावरून.

"फोन येनं बंद झालं वं."

"हो माय. मिटलं आता सारं."

"हं." मग ती म्हणाली, "चार्जिंगले लावून ठिवतो मी तरी बी."

पंपाचा पहिला हप्ता भरायला प्रणाली मोर्शीला गेली. बँकेतून बाहेर येऊन लिंबाखाली श्रावणीला केळ सोलून दिलं आणि ती फोन हातात घेऊन उभी राहिली. मग लावला.

"हालो."

प्रणालीनं घसा साफ केला. "साधना मॅडम आहेत का?"

मग तोच जुना, रोजचा आवाज. "वावरात गेली. येईन सांजीले."

तेव्हापासून हप्ता भरला की फोन, असंच झालं. साधना कधी पाण्याला गेलेली असे, कधी तिचं डोकं दुखत असे. प्रणाली ऐकून घेई, "बरं, पुढच्या महिन्यात करते" म्हणे. हप्ता चुकला नाही, फोनही चुकला नाही. कर्जाची नोंद महिन्यागणिक नीट चढत गेली. थंडी पडता पडता साहेबांनी अर्ध्या जाळीपुरतं मंजूर केलं. खुशालराव म्हणाले, "अर्धी तं अर्धी. वरूडवाल्याले सांगतो, वाट पाह्य म्हनून." नितेश जाळीचे खांब रोवायला कुदळ घेऊन आला.

कागद झाले त्या दिवशी तिला सही करायची होती. तिनं साधना लिहिलं, कारण आधारकार्डावर तेच होतं. बाहेर येऊन लिंबाखाली बसली. श्रावणी आता धरून धरून चालत होती. बुंध्याला हात लावून उभी राहिली. प्रणालीनं फोन लावला.

"साधना मॅडम आहेत का?"

"हाय ना," पार्बताबाई म्हणाली. "आता घरीच असते. देऊ काय तिले?"

प्रणालीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथं आता काही नव्हतं. वर्षभराच्या उन्हानंही ती फिकट खूण पुरती भरून आली नव्हती. नको म्हणावं, कामात असेल म्हणावं, फोन ठेवावा. पोरगी तिच्याकडे पाहत होती.

"द्या," ती म्हणाली.

पलीकडे खरखर झाली. चांदी फोनला लागल्यासारखा एक बारीक आवाज आला. मग काहीच नाही, पण ते रिकामं नव्हतं. वावरात वाकलेली बाई कान देऊन उभी राहावी, तसं.

प्रणालीनं पोरीला जवळ ओढलं.

"मी प्रणाली बोलून राहिली," ती म्हणाली.

तिकडून कुणी बोललं नाही. फोनही कुणी ठेवला नाही.